दुसऱ्याच्या यशाचे पेढे

दहावी-बारावीचे निकाल लागले की संध्याकाळी दाराची बेल वाजते. दारात शेजारची मुलगी उभी असते, हातात पेढ्यांचा पुडा. आपण तिचे तोंडभर कौतुक करतो, पाठीवरून हात फिरवतो, पेढा तोंडात टाकतो. दार लागते आणि घरात हळूच चर्चा सुरू होते की यंदा पेपर जरा सोपेच होते. आपल्या मुलाला तिच्याहून चार टक्के कमी पडलेले असतात. पेढा गोडच असतो, पण घशाखाली उतरताना थोडा अडतो.

यात आपण कुणी वाईट असतो असे नाही. त्याच शेजारणीच्या घरी कुणी आजारी पडले, तर आपण अपरात्री धावून जातो, डबा पोचवतो, दवाखान्यात रात्रभर बसतो. दुःखात सोबत करणे आपल्याला जमते. सुखात मनापासून सामील होणे मात्र जड जाते. पतंजलीने योगसूत्रांत मन प्रसन्न राहावे म्हणून चार भावना सांगितल्या आहेत : मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. बौद्ध परंपरेतही याच चार भावनांना ब्रह्मविहार म्हटले आहे, आणि तिथे मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने आपल्याला होणारा आनंद. यांतले मैत्री आणि करुणा हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात रुळले. मुदिता मात्र बरीचशी पोथीतच राहिली.

ही मुदिता अंगी कशी बाणवता येते, हे पाहायचे तर मला एका ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाचे आयुष्य आठवते. त्याच्या वाट्याचे म्हणता येईल असे एक फार मोठे यश दुसऱ्याच्या नावावर जमा झाले. इतके मोठे की शास्त्राच्या इतिहासात त्याच्या तोडीची यशे हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि तरी हा माणूस पुढची पंचावन्न वर्षे त्या दुसऱ्याचे गुण गात राहिला. त्याचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस.

सुताराच्या दुकानातून ॲमेझॉनच्या जंगलात

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधल्या अस्क या गावाजवळ झाला. नऊ भावंडांतला तो आठवा. वडील कायदा शिकलेले, पण त्यांनी वकिली कधी केली नाही. होते ते पैसे फसलेल्या उद्योगांत गेले आणि घराची ओढाताण सुरू झाली. तेरा-चौदा वर्षांच्या वयात आल्फ्रेडची शाळा सुटली. काही दिवस तो लंडनमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या भावाकडे राहिला, मग दुसऱ्या भावाच्या हाताखाली जमीन मोजणीच्या कामाला लागला. साखळी घेऊन रानोमाळ हिंडताना पायाखालच्या झाडाझुडपांची नावे कळावीत असे त्याला वाटू लागले. स्वस्तातली पुस्तके मिळवून तो वनस्पती ओळखायला शिकला. कॉलेज नाही, गुरू नाही, घराण्याचे नाव नाही.

१८४४ मध्ये लेस्टर गावातल्या एका शाळेत त्याने शिक्षकाची नोकरी धरली. तिथल्या वाचनालयात त्याची गाठ हेन्री वॉल्टर बेट्स या तरुणाशी पडली. बेट्सला भुंगेरे गोळा करण्याचा नाद होता. एकट्या लेस्टरच्या आसपास इतक्या जातींचे भुंगेरे सापडतात हे पाहून वॉलेस थक्क झाला आणि त्या नादाला लागला तो कायमचा. दोघांनी मिळून एक वेडे धाडस ठरवले. दक्षिण अमेरिकेत जायचे, ॲमेझॉनच्या जंगलात पक्षी-कीटक गोळा करायचे, ते लंडनच्या संग्राहकांना विकून पोट भरायचे आणि जमल्यास प्राण्यांच्या जाती कशा निर्माण झाल्या या कोड्याचा छडा लावायचा. एप्रिल १८४८ मध्ये दोघे जहाजावर चढले. वॉलेस पंचवीस वर्षांचा, बेट्स त्याच्याहून दोन वर्षांनी लहान.

पुढे दोघांनी वाटा वाटून घेतल्या. वॉलेस रिओ नेग्रो नदीकडे गेला, बेट्स ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहाबरोबर राहिला. मधल्या काळात वॉलेसचा धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला आला होता. ते काम त्याला मानवेना. परत निघण्यासाठी तो पारा बंदरात पोचला आणि तिथेच १८५१ मध्ये पीतज्वराने गेला. तो अवघा बावीस वर्षांचा होता. वॉलेस तेव्हा शेकडो मैल दूर जंगलात होता. हर्बर्टच्या उशाशी होता तो बेट्स. त्याची शुश्रूषा करता करता बेट्सलाही त्याच तापाने गाठले, पण तो वाचला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण या बेट्सची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

चार वर्षांची मेहनत घेऊन १८५२ मध्ये वॉलेस मायदेशी निघाला. ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजाला आग लागली. एक लहानशी पेटी, तीत थोडी चित्रे आणि टिपणे, एवढेच हाती लागले. बाकी सगळे, शेवटच्या दोन वर्षांतले बहुतेक नमुने, रोजनिशी, जिवंत पोपट आणि माकडे, डोळ्यांदेखत जळून गेले. उघड्या होडीत दहा दिवस काढल्यावर एका जहाजाने त्यांना उचलले. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, तो अंगावरच्या कपड्यांनिशी. लंडनमधले त्याचे नमुने विकणारे स्टीव्हन्स यांनी दूरदृष्टीने मालाचा विमा उतरवला होता, म्हणून निदान वर्षभर पोटाला मिळाले.

दुसरा कुणी पुन्हा समुद्राचे नाव काढता ना. वॉलेस दीड वर्षात पुन्हा निघाला.

तेर्नातेहून गेलेले एक पाकीट

१८५४ पासून १८६२ पर्यंत, आठ वर्षे, तो मलाया आणि आजच्या इंडोनेशियाच्या बेटांवर हिंडत होता. सुमारे चौदा हजार मैलांचा प्रवास, सव्वा लाखाच्या वर नमुने, त्यांत ऐंशी हजारांहून अधिक नुसते भुंगेरे. सोबतीला अली नावाचा मलायी तरुण. तो स्वयंपाकापासून पक्ष्यांची कातडी सोलून भरण्यापर्यंत सारे शिकला होता. राहायला गवताने शाकारलेली झोपडी, पायांना चिघळलेल्या जखमा आणि वरचेवर येणारा हिवताप.

फेब्रुवारी १८५८ मध्ये, लवंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेर्नाते बेटाच्या परिसरात असताना, अशाच एका तापात तो पडून होता. अंगावर पांघरुणे घेऊन कुडकुडताना त्याला पूर्वी वाचलेले माल्थसचे लोकसंख्येवरचे पुस्तक आठवले. रोग, दुष्काळ आणि युद्धे माणसांची संख्या आटोक्यात ठेवतात, असे त्यात म्हटले होते. प्राण्यांचेही तसेच असणार. जन्मतात असंख्य, जगतात थोडे. मग जगतात कोण? परिस्थितीला जे जास्त जुळतात ते. त्यांचे गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि असे पिढ्यान् पिढ्या होत गेले की जात बदलते. ज्या कोड्यासाठी तो दहा वर्षांपूर्वी घराबाहेर पडला होता, ते एका तापाच्या चढावात सुटले. त्याच संध्याकाळी त्याने मुद्दे टिपून ठेवले आणि पुढच्या दोन संध्याकाळी बसून निबंध लिहून काढला.

हा निबंध त्याने सरळ एखाद्या मासिकाकडे पाठवला असता, तर आज शाळेच्या पुस्तकांत वेगळे नाव दिसले असते. पण त्याने तो पाठवला चार्ल्स डार्विनला. डार्विन त्याच विषयावर मोठा ग्रंथ लिहीत आहे एवढे त्याला पत्रव्यवहारातून ठाऊक होते. त्याची उपपत्ती काय आहे, हे मात्र माहीत नव्हते. निबंध बरा वाटला तर तो ज्येष्ठ भूशास्त्रज्ञ लायेल यांना दाखवावा, इतकीच त्याची विनंती होती.

ते पाकीट जून १८५८ मध्ये इंग्लंडमधल्या डाऊन या खेड्यात पोचले. डार्विनला ते वाचून धक्का बसला. नैसर्गिक निवडीची हीच कल्पना त्याला वीस वर्षांपूर्वी सुचली होती. १८४४ मध्ये त्याने ती सविस्तर लिहूनही ठेवली होती. पण पुरावे पुरे पडत नाहीत म्हणून आणि लोक काय म्हणतील या धास्तीने ती त्याने छापली नव्हती. आता एका परक्याने चार हजार शब्दांत तीच मांडली होती. डार्विन प्रामाणिक होता. त्याने पाकीट दडवले नाही, लायेल आणि हूकर या मित्रांपुढे ठेवले. त्याच दिवसांत त्याचे तान्हे मूल तापाने गेले आणि पुढचे सगळे त्याने मित्रांवर सोपवले.

मित्रांनी तोड काढली. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. आधी डार्विनचे जुने उतारे, नंतर वॉलेसचा निबंध. डार्विन घरी शोकात होता. वॉलेस हजारो मैल दूर होता आणि त्याला कुणी विचारलेही नव्हते. विचारायचे म्हटले तरी पत्र जाऊन उत्तर यायला निम्मे वर्ष लागले असते. तरीही ज्याच्या निबंधामुळे हे सगळे घडले त्याचा क्रम दुसरा लागला, तोही त्याच्या नकळत. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ आला आणि जगाने त्या विचाराला एकच नाव दिले.

पाच-सहा वेळा वाचलेले पुस्तक

ऑक्टोबर १८५८ मध्ये हूकर आणि डार्विन यांची पत्रे वॉलेसच्या हाती पडली. संतापायला त्याला पुरेसे कारण होते. नंतरच्या काळात अनेक अभ्यासकांनी त्याच्या वतीने तो संताप व्यक्तही केला आहे. पण त्या महिन्यात त्याने स्वतः काय केले? हूकरला आभाराचे पत्र लिहिले. डार्विनने केवळ उदारपणाने आपला निबंध एकटाच छापू दिला असता, तर त्याचेच मला जास्त वाईट वाटले असते, असा त्या पत्राचा आशय होता. त्याच दिवशी त्याने आईलाही पत्र लिहिले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाची दखल घेतली, परत आल्यावर त्यांची ओळख आणि मदत आपल्याला लाभेल, याचा आनंद त्यात होता.

यात थोडा व्यवहारही होता, तो लपवण्याचे कारण नाही. शाळा अर्धवट सुटलेला, कीटक विकून जगणारा हा माणूस. इंग्लंडच्या विद्वान मंडळींत त्याला उंबऱ्याच्या आत घेणारा दरवाजा प्रथमच उघडत होता. मन आहे, क्षणभर चुटपुटही लागली असेल. पण त्यानंतर त्याने जे केले ते निव्वळ व्यवहाराने होत नाही.

पत्रे आली आणि थोड्याच दिवसांत तो बाचान बेटावर गेला. तिथे अलीने टिपलेला एक पक्षी स्वर्गपक्ष्यांची अगदी नवी जात निघाली. त्या पक्ष्याला पुढे वॉलेसचेच नाव मिळाले. तिथेच, १८५९ च्या सुरुवातीला, त्याच्या जाळ्यात सोनेरी-नारिंगी पंखांचे एक मोठे फुलपाखरू आले. जाळ्यातून काढून त्याचे पंख उघडताच त्याच्या काळजाची धडधड अशी वाढली, डोक्यात रक्त असे चढले, की आता भोवळ येते असे त्याला वाटले. दिवसभर त्याचे डोके दुखत राहिले. एका फुलपाखराने ज्याला भोवळ येते, त्याच्या आनंदाचा साठा दुसऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून नसतो. मत्सर बहुधा रिकाम्या घरात शिरतो. या माणसाचे घर भरलेले होते.

मग १८६० मध्ये डार्विनचा ग्रंथ बेटांवर त्याच्यापर्यंत पोचला. तो त्याने एकदा चाळून बाजूला ठेवला नाही. पाच-सहा वेळा वाचला, आणि प्रत्येक वाचनात त्याचा आदर वाढत गेला. बालमित्राला आणि बेट्सला पाठवलेल्या पत्रांत त्याने त्या ग्रंथाची अपार स्तुती केली. पुराव्यांचे असे डोंगर रचणे, इतक्या शंका आधीच ओळखून त्यांना उत्तरे देणे आपल्याच्याने कधी झाले नसते, असे त्याने मोकळेपणाने कबूल केले.

मला वाटते, या माणसाची गुरुकिल्ली इथे आहे. मत्सराला फक्त फळ दिसते. शेजारच्या मुलीचे टक्के दिसतात, दिराने घेतलेला फ्लॅट दिसतो, मैत्रिणीच्या मुलीला मिळालेले स्थळ दिसते. त्यामागच्या रात्री दिसत नाहीत. वॉलेसने त्या ग्रंथात डार्विनची वीस वर्षे पाहिली. कबुतरे पाळून केलेली निरीक्षणे, बियाण्यांचे प्रयोग, जगभरातून मागवलेली माहिती, हे सगळे त्याला ओळीओळीतून दिसले. स्वतः रानात मर मर मेहनत केलेली असल्याने त्या श्रमाची किंमत त्याला कळत होती. दुसऱ्याचे यश त्याने इतक्या जवळून आणि इतक्या वेळा वाचले की ते परके राहिलेच नाही.

बेट्स, स्प्रूस आणि एक मोडलेले लग्न

१८६२ च्या वसंतात तो इंग्लंडला परतला. सोबत लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी दोन जिवंत स्वर्गपक्षी होते. आता तरी दिवस पालटायला हवे होते. तसे फारसे झाले नाही. १८६४ मध्ये त्याचे ठरलेले लग्न मुलीकडून अचानक मोडले आणि तो घाव त्याला फार लागला. त्याच वर्षी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत सहायक सचिवाची जागा निघाली. पगाराची, प्रतिष्ठेची, जन्माची ददात मिटवणारी. वॉलेसने अर्ज केला. बेट्सनेही केला. जागा बेट्सला मिळाली.

ॲमेझॉनला बरोबर निघालेले दोन मित्र, एकच खुर्ची, आणि एकाची निवड. आपल्याकडे कचेरीतल्या बढतीवरून वीस वर्षांचे शेजार तुटलेले आपण पाहतो. वॉलेसने नंतर आत्मचरित्रात या प्रसंगाबद्दल लिहिले, ते बेट्सचा हक्क आपल्यापेक्षा अधिक होता असे. ती नोकरी बेट्सने १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केली. त्याच्या मृत्यूनंतर ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात त्याच्यावरचा लेख लिहिला तो वॉलेसने. हर्बर्टच्या उशाशी बसलेल्या मित्राला एक खुर्ची मिळाली याचे वॉलेसला दुःख करता आले नाही.

ॲमेझॉनच्या दिवसांतला त्याचा तिसरा मित्र रिचर्ड स्प्रूस. हा वनस्पतींचा अभ्यासक. इक्वेडोरमधून सिंकोनाच्या झाडाचे बी आणि रोपे मिळवण्याची अवघड कामगिरी १८६० मध्ये त्यानेच केली. निलगिरीच्या डोंगरात सिंकोनाची जी लागवड झाली, तिच्यात त्या बियाण्याचा वाटा होता. प्रकृती पार ढासळून तो मायदेशी परतला. त्याच्यामुळेच वॉलेसची ओळख मिटन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या घराशी झाली आणि १८६६ मध्ये मिटन यांची मुलगी ॲनी हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांना तीन मुले झाली. थोरल्याचे नाव त्याने हर्बर्ट ठेवले. हा हर्बर्टही १८७४ मध्ये, सात वर्षांचा होण्याआधीच, गेला. स्प्रूस १८९३ मध्ये वारला तेव्हा त्याच्या प्रवासाची टिपणे विस्कळीत पडली होती. वॉलेसने ती गोळा केली, लावली, संपादित केली आणि १९०८ मध्ये त्यांचे दोन खंड प्रसिद्ध झाले. तेव्हा वॉलेसचे वय ८५ होते. स्वतःचे नाव मोठे करायला उरलेली थोडी शक्ती त्याने मेलेल्या मित्राचे नाव राखायला वापरली.

गरीब गाय नव्हे

हे सगळे वाचून वॉलेस म्हणजे कुणीही यावे आणि टपली मारून जावे असा माणूस असेल, असे वाटण्याचा संभव आहे. तो तसा मुळीच नव्हता. पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या एका गृहस्थाची ५०० पौंडांची पैज त्याने १८७० मध्ये स्वीकारली आणि कालव्याच्या पाण्यावर पृथ्वीची वक्रता मोजून दाखवली. तो गृहस्थ पुढे कित्येक वर्षे त्याची बदनामी करत राहिला आणि वॉलेस कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. जमीन राष्ट्राच्या मालकीची असावी म्हणून त्याने चळवळ चालवली. मृतात्म्यांशी बोलता येते यावर त्याचा विश्वास होता. देवीच्या लसीला त्याने विरोध केला, आणि तिथे तो साफ चुकला. हट्टी, भांडखोर म्हणावा इतका मतांचा पक्का असा हा माणूस होता.

डार्विनशीही त्याचे मतभेद झाले. मानवी बुद्धी केवळ नैसर्गिक निवडीतून घडली नसावी असे त्याने १८६९ मध्ये मांडले, तेव्हा डार्विन व्यथित झाला. मोराच्या पिसाऱ्यावरून दोघे वर्षानुवर्षे वाद घालत राहिले. पण त्याच १८६९ मध्ये बेटांवरच्या प्रवासाचे वॉलेसचे गाजलेले पुस्तक ‘द मलाय आर्किपेलागो’ आले, ते डार्विनला अर्पण केलेले होते. दुसऱ्याच्या यशात आनंद मानणे म्हणजे त्याच्या हो ला हो म्हणणे नव्हे.

स्वतःचा वाटाही त्याने पुसून टाकला नाही. १८७० मध्ये त्याने आपले जुने निबंध पुस्तकरूपाने पुन्हा छापले, ते आपण स्वतंत्रपणे काय शोधले होते हे लोकांना कळावे म्हणून. त्याच प्रस्तावनेत त्याने लिहिले की डार्विन आपल्याआधी कामाला लागला होता, याचे आपल्याला मनापासून समाधान आहे. आपली शक्ती आपण मोजली आहे आणि त्या ग्रंथाला ती पुरली नसती. ते वाचून डार्विन हेलावला. दोघे एका अर्थाने प्रतिस्पर्धी असूनही एकमेकांविषयी कधी मत्सर वाटला नाही, याचे समाधान त्यानेही पत्रातून कळवले.

हा मुद्दा आपल्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या सुखात सुख मान, हा उपदेश आपल्याकडे बहुधा ठरावीक माणसांनाच केला जातो. सुनेला, थोरल्या बहिणीला, घरासाठी शिक्षण सोडलेल्या भावाला. त्यांचा वाटा काढून घ्यायचा आणि वर हसतमुख राहायला सांगायचे. याला मुदिता म्हणत नाहीत. वॉलेसला काय मिळाले आणि काय मिळाले नाही याचा हिशेब त्याने स्वतः केला, स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आणि मगच तो आनंदी झाला. ज्याचा वाटा कुणी मान्यच करत नाही, त्याच्याकडून आनंदाची अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

डार्विनने तो वाटा मान्य केला होता. वॉलेसची मिळकत चुकीच्या गुंतवणुकीत बुडाली, कायमची नोकरी कधी लागलीच नाही, परीक्षेचे पेपर तपासून तो संसार चालवत होता. हे कळल्यावर डार्विनने हक्सली आणि इतर शास्त्रज्ञांना हाताशी धरले, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याकडे अर्ज केला. १८८१ मध्ये वॉलेसला वर्षाला २०० पौंडांचे सरकारी वर्षासन मिळाले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये डार्विन गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याची शवपेटी नेताना जे मानकरी बरोबर चालले, त्यांत वॉलेस होता.

वीस वर्षे आणि एक आठवडा

डार्विन गेल्यावर तरी वॉलेसला आपला हक्क पुढे करता आला असता. विरोध करायला कुणी उरले नव्हते. अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने देऊन आल्यावर त्याने उत्क्रांतीवर आपला मोठा ग्रंथ लिहिला, तो १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जो विचार आपल्यालाही स्वतंत्रपणे सुचला होता, त्यावरच्या या ग्रंथाला त्याने नाव दिले ‘डार्विनिझम’. आपल्या शेतात पिकलेल्या धान्याच्या पोत्यावर शेजाऱ्याचे नाव घालावे, तसेच हे. पण शेत दोघांच्या बांधावर होते आणि नांगरट शेजाऱ्याने जास्त केली आहे, असे त्याचे ठाम मत होते.

१ जुलै १९०८ रोजी लिनियन सोसायटीने त्या वाचनाचा पन्नासावा वर्धापनदिन साजरा केला. डार्विन-वॉलेस पदक त्या वर्षी सुरू झाले आणि सोन्याचे पदक वॉलेसला देण्यात आले. एक्क्याण्णव वर्षांचा हूकरही हजर होता. पंचाऐंशी वर्षांचा वॉलेस बोलायला उभा राहिला. लोक आपल्या दोघांना समान श्रेय देतात, हे बरोबर नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या हिशेबाने श्रेयाची वाटणी दोघांनी त्या कल्पनेला दिलेल्या वेळाच्या प्रमाणात व्हायला हवी. म्हणजे एका बाजूला वीस वर्षे, दुसऱ्या बाजूला एक आठवडा. स्वतःच्या सत्काराच्या दिवशी त्याने हे गणित मांडले.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, डॉर्सेट परगण्यातल्या ब्रॉडस्टोन गावी तो शांतपणे गेला. गावच्या स्मशानभूमीतल्या त्याच्या थडग्यावर एका प्राचीन वृक्षाचे दगड झालेले खोड उभे आहे. दोन वर्षांनी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्या नावाची मुद्रा बसवली गेली, ती डार्विनच्या जवळच.

वॉलेसचे आयुष्य पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. आनंद वाटेपर्यंत तो थांबून राहिला नाही. आधी त्याने पत्र लिहिले, पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले, चारचौघांत स्तुती केली, अर्पणपत्रिका लिहिली, मित्राची टिपणे लावून दिली. हाताला जे वळण लागते ते हळूहळू मनालाही लागते. पन्नास वर्षांच्या अशा सवयीने त्याचे मन इतके रुंद झाले, की शेवटी आपले आणि दुसऱ्याचे यांतली रेघ त्याला फारशी उरली नाही.

आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. शेजारची मुलगी पेढे घेऊन आली, तर तिला दारातून परत पाठवू नये. आत बोलवावे, बसवावे, अभ्यास कसा केला ते विचारावे. पहाटे चारला तिच्या खोलीत दिवा लागलेला आपण कित्येकदा पाहिलेला असतो, पण त्याचा विचार कधी केलेला नसतो. ती सांगत जाईल. गणिताची भीती कशी गेली, आजारपणात आठवडा कसा बुडाला, आईने चहा करून देताना काय काय ऐकवले. अर्ध्या तासाने ती उठेल तेव्हा तिचे ते टक्के थोडे आपल्याही घरचे झालेले असतील. आपला मुलगाही शेजारी बसून ऐकत असला, तर त्यालाही काही मिळेल. मग पेढा खाऊन पाहावा.